पाहुणीवर लावलेली पैज

त्या रविवारी सकाळी वेंडी प्रॉसर स्वयंपाकघरात अंडी तळत होती आणि तिचा नवरा क्लाइव्ह टोस्टला लोणी फासत, आज दुपारी घरी जेवायचं की पबमध्ये, यावर एकटाच वाद घालत होता. वेंडी मध्ये बोलत नव्हती. बत्तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळून चुकलं होतं की हा वाद कसाही चालला तरी शेवटी क्लाइव्ह पबमध्येच जातो.

मी त्यांची शेजारीण, पॉलीन. आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे त्यांचा वाद मला माझ्या चहाबरोबर ऐकू येतो. विम्बल्डनची मैदानं आमच्या गल्लीतून पायी बारा मिनिटांवर. जूनअखेरीचे ते पंधरा दिवस जवळ आले की ज्याच्या घरी एखादी खोली रिकामी आहे तो ती खेळाडूंना देतो. मोठमोठे खेळाडू वरच्या अंगाला अख्खे बंगले घेतात. आमच्याकडे येतात ती क्रमवारीत दीडशे-दोनशेच्या मागे असलेली पोरं. स्वतःचे मोजे स्वतः धुणारी, सकाळी सायकल मागून नेणारी.

वेंडीने एकोणीस वर्षं मागची खोली अशी दिली. तिची एक पद्धत होती. मुक्कामाच्या पहिल्या दिवशी ती पाहुण्या खेळाडूला अनवाणी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करायची आणि डोक्यावर पेन्सिलीने रेघ ओढून नाव आणि साल लिहायची, लहान मुलांची उंची मोजतात तशी. चौकट भरून गेली होती. नेझा ह्रिबार हे नाव तिथे तीनदा होतं, तिन्ही रेघा एकमेकींवर.

"अगं, बाविसाव्या वर्षी उंची वाढत नाही," वेंडीने तिला सांगून पाहिलं.

"असू दे. तरी मोजा," नेझा म्हणाली. "या घरात मोजलं नाही तर मी आलेच नाही असं वाटतं."

नेझा स्लोव्हेनियातल्या एका खेड्यातली. सलग दोन वर्षं ती पात्रता फेरीतच हरून परत गेली होती. यंदा मात्र पात्रतेचे तीनही सामने जिंकून मुख्य स्पर्धेत आली. सोमवारी तिचा तिथला आयुष्यातला पहिला सामना. समोर कॉर्सिनी नावाची इटलीची चौतिशीतली खेळाडू, नावाजलेली पण गुडघ्याला पट्टा बांधून खेळणारी. सगळे म्हणत होते, पोरगी जिंकणार.

तर त्या रविवारी नेझा खाली आली, वरच्या फळीवरचा ओट्सचा डबा काढायला हात उंचावला आणि "आई गं" म्हणून तशीच वाकली. वेंडीने गॅस बंद केला.

"कुठे दुखतंय? खरं सांग."

"पोटाच्या कडेला. कालच्या सरावात ओढ बसली." नेझा खुर्चीवर टेकली. "सर्व्हिस करताना हात पुरता वर जात नाही. पण मी खेळणार. यासाठीच तर चौदा वर्षं घालवली."

वेंडीने फ्रीजरमधून गोठलेल्या मटारची पिशवी काढली, टॉवेलात गुंडाळली आणि बर्फाच्या जागी तिच्या कुशीला लावली. नेझाने तो हात धरून ठेवला.

"हे कुणाला सांगू नका हं. समोरचीला कळलं तर ती पहिल्या चेंडूपासून तिथेच मारेल. आणि आम्हाला नियमच आहे, दुखण्याबद्दल बाहेर बोलायचं नाही. सट्टेवाले टपलेले असतात."

"या घरातलं बाहेर जात नाही," वेंडी म्हणाली. "एकोणीस वर्षांत गेलेलं नाही. हो ना रे क्लाइव्ह?"

"म्हणजे काय!" तोंडात टोस्ट भरलेला क्लाइव्ह म्हणाला.

क्लाइव्ह वाईट माणूस नाही हो. मला हे आधीच सांगायचंय, नाहीतर वाचणारे सगळा दोष त्याच्या माथी मारून मोकळे होतील. त्याने उभा जन्म बॉयलर बसवण्यात घालवला. माझा नवरा गेला त्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला तर चारदा येऊन दुरुस्त करून गेला आणि एक पैसा घेतला नाही. दरवर्षी स्पर्धेआधी तो पबमध्ये खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या आपल्या टोपीत टाकायचा, प्रत्येकाने एक पाउंड देऊन एक चिठ्ठी उचलायची, विजेत्याची चिठ्ठी ज्याच्याकडे त्याला सगळे पैसे. आम्ही सगळेच खेळायचो. निवृत्त झाला, गुडघे गेले, आणि टोपीची जागा फोनने घेतली. कोण जिंकणार एवढ्यावर आता कुणाचं भागत नाही. पहिला सेट कुणाचा, पुढचा गेम कुणाचा, पुढचा चेंडू जाळीत जाणार का, सगळ्यावर पैज. आमच्या गल्लीत असा एक फोन दाखवा ज्यात हे नाही. आणि कुणी एक शब्द काढत नाही, कारण याला आम्ही सट्टा म्हणतच नाही, जरा गंमत म्हणतो.

पबमध्ये मीही होते. तिथे, द बे हॉर्समध्ये, रविवारचं भाजलेलं मांस चांगलं मिळतं. क्लाइव्हचा दोस्त लेन टेबलावर फोन ठेवून सगळ्यांना सांगत होता, "आपल्या पोरीवर लावा रे. घरचीच आहे, पैसे घरातच राहतील."

क्लाइव्हने ग्लास खाली ठेवला. "ज्याला डोकं आहे त्याने उद्या आमच्या पोरीवर लावू नये."

"का रे? काय झालंय तिला?"

"मी काही बोललो का?" क्लाइव्ह हसला. "आमच्या बायकोने सकाळी मटार बाहेर काढले आणि ते शिजवायला नव्हते, एवढंच म्हणतो मी."

लेनने शीळ घातली. कॉर्सिनी सरळ दोन सेटमध्ये जिंकेल याला भाव चांगला होता, कारण तसं कुणालाच वाटत नव्हतं. टेबलाभोवती भराभर फोन निघाले. एकूण अकरा फोन. मांस निवून गेलं, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

सोमवारी नेझाने तिच्या वाट्याच्या दोन पासांवर वेंडी आणि क्लाइव्हला नेलं. सामना एका कोपऱ्यातल्या लहान मैदानावर होता. मी घरी टीव्हीवर बघत होते, तिथलं सगळं मला वेंडीने नंतर सांगितलं. पहिला सेट नेझाने दोन-सहा असा गमावला. सर्व्हिस करताना ती पांढऱ्या कपड्याखाली अंग चोरत होती, पण कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. दुसऱ्या सेटमध्ये मात्र तिने काय जीव काढला! वर मारता येत नाही तर खाली मारते म्हणाली जणू. पाच-तीन पुढे गेली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वेंडीचे डोळे भरून आले. तिने शेजारी पाहिलं, तर क्लाइव्हचे हात मांडीवर फोन धरून गप्प पडलेले.

सेट जिंकायला एक गुण हवा होता. नेझाने चेंडू वर उडवला, आणि क्लाइव्हच्या ओठांतून शब्द निघाला, "चुकव."

"काय म्हणालास?"

"काही नाही."

वेंडीने त्याच्या मांडीवरच्या फोनकडे पाहिलं. कॉर्सिनी, दोन-शून्य. आणि आकडा असा की तिने तो दोनदा वाचला. वरच्या मजल्यावरच्या पलंगाच्या गाद्या बदलायला दोघांनी वर्षभर बाजूला टाकलेले पैसे होते ते. ती उभी राहिली आणि हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत राहिली. नेझाने तो गुण गमावला, नंतर पुढचे दोन गेम, आणि शेवटी टायब्रेकमध्ये सेटही. बॅग उचलताना तिने वर या दोघांकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवून माफी मागितल्यासारखी मान झुकवली.

संध्याकाळी चहाच्या वेळी ती स्वयंपाकघरात फोन घेऊन बसली होती. वेंडीने खांद्यावरून मेसेज वाचले. तू मर. तुझी आई मरो. कुठे राहतेस ते शोधून काढू. मुद्दाम हरलीस, किती घेतलेस? एकापाठोपाठ एक, संपतच नव्हते.

"कोण ही माणसं?"

"ज्यांनी माझ्यावर लावले होते ती," नेझा म्हणाली. "मी हरले की येतात. जिंकले तरी येतात, मग दुसऱ्या बाजूची."

"अगं मग वाचतेस कशाला? बंद कर ना तो फोन!"

"यातच आईचा मेसेज असतो," ती म्हणाली. "तो शोधतेय."

सापडला. जेवलीस का, एवढंच विचारलं होतं आईने. तेवढ्यात क्लाइव्ह आत आला, हातात मोठा थोरला फुलांचा गुच्छ. नेझाने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आवरेना.

"मिस्टर प्रॉसर, माझ्यामुळे तुमची मान खाली गेली."

क्लाइव्ह तिच्या पाठीवर थोपटत राहिला आणि वेंडीकडे बघायचं टाळत राहिला. ती फुलं कुठल्या पैशांची होती ते वेंडीला ठाऊक होतं. तिने ती भांड्यात घातली नाहीत. मोरीपाशी कागदातच पडून सुकली.

बुधवारी दोघंजण आली, एक पुरुष आणि एक बाई. टेनिसमधल्या गैरप्रकारांची चौकशी करणारी, बोलायला अगदी मऊ. एका लहानशा सामन्यावर, एकाच भागातून, एकाच दुपारी, एकाच निकालावर इतक्या पैजा कशा आल्या, असा प्रश्न पैजा घेणाऱ्या एका कंपनीला पडला होता. पैजा जिथून आल्या तिथून हाकेच्या अंतरावर खेळाडू राहत होती. वेंडी चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेरच थांबली.

"दुखण्याबद्दल तुम्ही कुणाला सांगितलं होतं?" त्या बाईने विचारलं.

"कुणालाच नाही," नेझा म्हणाली.

"घरात कुणाला?"

"नाही."

"नीट आठवा. खोटं निघालं तर तुम्हालाच जड जाईल. यात पैसे घेऊन माहिती विकल्याचा संशय आहे. कायमची बंदी येऊ शकते."

"कुणालाच नाही," नेझा पुन्हा म्हणाली.

ती दोघं तिचा फोन घेऊन गेली, आणि चौकशी होईपर्यंत कुठेही खेळायचं नाही असं सांगून गेली. वेंडीने ट्रे टेबलावर ठेवला.

"अगं वेडे, माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तर तुमच्या घरी पुन्हा कुणी खेळाडू आला नसता," नेझा म्हणाली. "आणि तुम्ही थोडंच कुणाला सांगितलंय? हो ना?"

वेंडी परसात गेली. क्लाइव्ह घेवड्याचे वेल काठीला बांधत होता.

"बोललास ना तू पबमध्ये?"

"अगं, चेष्टेत बोललो मी! मटार म्हणालो, दुसरं काही नाही."

"त्या पोरीचं खेळणं जाणार आहे, क्लाइव्ह. पैसे खाल्ले म्हणतायत तिने."

"तिने खाल्लेच नाहीत तर सापडणार काय? सुटेल ती. मी जाऊन सांगितलं तर मला कोर्टात उभं करतील, वर लेन आणि ते सगळे अडकतील. सगळे खेळतात, वेंडी. अख्खा देश खेळतो. माझ्या एकट्याच्या गळ्यात फास का?"

"सगळ्यांच्या घरी ती झोपत नाही," वेंडी म्हणाली. "आपल्या घरी झोपते. मी तिला शब्द दिला होता आणि तू तोंडात टोस्ट धरून हो म्हणाला होतास."

क्लाइव्हने सुतळी दाताने तोडली आणि गाठ मारत राहिला. तेवढ्यात कुंपणापाशी लेन उगवला. त्याला कुणी बोलावलं होतं देव जाणे.

"वेंडी, उगाच नाक खुपसू नकोस. ती उद्या-परवा तिच्या देशी जाईल. तुला या गल्लीत राहायचंय."

दहा मिनिटांनी माझ्या दाराची घंटा वाजली. वेंडी ॲप्रनवरच आली होती.

"पॉलीन, तू होतीस ना तिथे? क्लाइव्ह काय बोलला ते ऐकलंस ना? मी एकटी त्या चौकशीवाल्यांकडे गेले तर म्हणतील, भाडेकरूला वाचवायला नवऱ्यावर आळ घालतेय. तू चल माझ्याबरोबर. तुझी साक्ष झाली तर त्यांना पटेल की बातमी तिने विकली नाही, आमच्या घरातून सांडली."

"मी कशाला गं मध्ये," मी म्हणाले. "माझी कंबर ही अशी..."

वेंडीने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "तूही लावलेस?"

मी दाराची कडी चाचपत राहिले.

"किती?"

"पाचच पाउंड."

"पाचच," वेंडी म्हणाली. पाठ फिरवली आणि एकटीच गेली, ॲप्रन न काढता.

त्या अकरा फोनांतला एक माझा होता. आता कळलं ना, या पैजांची मला एवढी चीड का? पण ती चीड मला तेव्हा आली नव्हती हो. तेव्हा मी दार लावून घेतलं, चहा केला आणि मनाला समजावलं की वेंडीला काही गरज नाही माझी, ती खमकी आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घंटा वाजली. दारात नेझा, पाठीवर भली मोठी बॅग. माझी छत्री परत द्यायला आली होती, ती जी मी गेल्या वर्षी दिली होती आणि विसरूनही गेले होते. तिला माझं काही माहीत नव्हतं. वेंडीने माझं नाव तिच्यापुढे काढलं नव्हतं, ही तिची माया.

"मिसेस पॉलीन, मी निघाले," ती म्हणाली. "येत्या मंगळवारी कचऱ्याचा डबा तुम्हालाच बाहेर न्यावा लागेल. वाकू नका हं. आधी अर्धा रिकामा करा, मग ओढा. कंबर सांभाळा."

तीन वर्षं, तिच्या मुक्कामातल्या प्रत्येक मंगळवारी तिने माझा डबा बाहेर नेला होता. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ती सरावाला जाता जाता आपणहून न्यायची.

मी कोट चढवला आणि मैदानाजवळच्या त्या चौकशीवाल्यांच्या ऑफिसात गेले. जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं, मटारांसकट. कोण कोण होतं त्यांची नावं सांगितली, माझं पहिलं.

पुढचं थोडक्यात सांगते. नेझाने माहिती विकली नाही, हे सिद्ध झालं. आधी खोटं बोलली म्हणून चार महिने बंदी मात्र लागलीच. नियम तो नियम. आम्हा सगळ्यांची पैजांची खाती बंद झाली आणि जिंकलेले पैसे परत घेतले गेले. क्लाइव्हला पोलिसांनी दोनदा बोलावलं आणि लेखी तंबी देऊन सोडलं. वेंडीने त्याला एवढंच सांगितलं, "या घरात एक तर तो फोन राहील नाहीतर मी." त्याने तीन आठवडे तोंड फुगवलं. मग एक दिवस, मला कुठल्याही कंपनीने पैज लावू देऊ नये, असं स्वतःच लिहून दिलं आणि जिन्यावर बसून मुलासारखा रडला. भिंत एकच आहे, मला ऐकू आलं. लेन अजून आम्हा दोघींना बघून रस्ता ओलांडतो. बे हॉर्समध्ये आम्ही गेलो की टेबल गप्प होतं. वेंडी मुद्दाम दर रविवारी मला घेऊन तिथे जाते आणि सगळ्यांच्या मधोमध बसून जेवते.

खेळाडू आता आमच्या गल्लीत उतरत नाहीत. त्यांना हॉटेलात राहायचा सल्ला मिळतो. वेंडीच्या चौकटीवर नवी रेघ पडलेली नाही.

लोक मला म्हणतात, पॉलीन, जाऊ दे ना, पाच पाउंड ते काय, तू तर शेवटी खरं बोललीस. त्यांना त्या ऑफिसातली एक गोष्ट मी सांगितलेली नाही. ती इथे लिहिते, आणि वाचणाऱ्याने आपला फोन हातात घेऊन वाचावी.

माझी साक्ष लिहून झाली होती. त्या बाईने कागद माझ्यापुढे सही करायला सरकवला आणि सहज विचारलं, "सामना पाहिलात का तुम्ही?"

"हो. टीव्हीवर."

"ती पाच-तीन पुढे होती तेव्हा, सेट जिंकायला एकच गुण हवा होता, आठवतंय? फार छान खेळत होती पोरगी."

मला आठवत होतं. मी खुर्चीतून उठून टीव्हीपाशी गेले होते. माझ्या शेजारच्या घरात झोपणारी, माझा कचऱ्याचा डबा उचलणारी ती मुलगी दुखरं अंग चोरत चेंडू वर उडवत होती, आणि मी दोन्ही मुठी आवळून एकटीच ओरडले होते, "जाळीत मार! जाळीत मार, मेले!"

मी पेन खाली ठेवलं.

"थांबा," म्हणाले, "सही करायच्या आधी आणखी एक गोष्ट लिहून घ्या."